चावी रामने दिली

मी साळूबाई आसाराम धनवटे, वय सहासष्ट, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार पुणतांबा, ता. राहाता, जि. अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोके ठिकाणावर आहे. दबाव माझ्या भावाने आणला, पण मी त्याला बधलेली नाही. सोमवारी नगरला हृदयाचे ऑपरेशन आहे. त्यातून उठले तर कोर्टात स्वतः बोलेन. न उठल्यास हे वाचावे.

१. आधी घडले ते. पंचमीला माझा मुलगा रविराज बहिणीला, म्हणजे अश्विनीला, आणायला शेवगावला एसटीने निघाला होता. तेवढ्यात माझा धाकटा भाऊ राम नळे, राहणार अस्तगाव, जीप घेऊन दारात आला. म्हणाला, "भाचीला लाल डब्यात आनतो व्हय रं? माझी गाडी ने. तिच्या सासरच्यांना बघू दे की!" चावी त्याने स्वतः रविराजच्या हातात दिली. मी ओट्यावर बसून पाहिले. मामाला गाडीचे कागद विचारायची आमच्यात रीत नाही. विचारले असते तर भरल्या ताटावरून उठून गेला असता. विमा कधीच संपला होता आणि रामला ते ठाऊक होते.

येताना वळणावर रविराजने सायकलवरच्या सोपान गिऱ्हे यांना धडक दिली. ते दवाखान्यात वारले. चूक रविराजची. आई आहे म्हणून मी ती झाकणार नाही.

२. वकील सांगतात, विमा असता तर भरपाई कंपनीने दिली असती. आता ती चालवणारा आणि मालक या दोघांच्या घरादारावर येणार. बिनविम्याची गाडी चालवणे गुन्हा, तसा ती चालवायला देणे हाही गुन्हा. हे कळल्यापासून राम म्हणतो, गाडी न विचारता नेली. म्हणजे सख्खा भाचा चोर! परवा घरी येऊन मला म्हणाला, "आक्का, हक्कसोडीवर सही कर. मंग मी कोर्टात खरं बोलतो."

वडिलांच्या जमिनीतला हिस्सा बहिणीने भावाला सोडायचा, याला आमच्याकडे माया म्हणतात. मायेने मागितला असता तर मी सोडलाही असता. आता सही करणार नाही. तो गेल्यावर मी खूप रडले, हेही लिहून ठेवते.

३. अस्तगावच्या जमिनीतला माझा हिस्सा मी सोपानरावांच्या पत्नी चांगुणाबाई गिऱ्हे यांना देते. कोर्ट ठरवील ती भरपाई वेगळी, यातून वजा करू नये. राम बांधावर आडवा येईल. चांगुणाबाई, घाबरू नका. सातबाऱ्यावर माझे नाव लागलेले आहे.

४. पुणतांब्याचे घर रविराजला. वकील म्हणाले, सुनेच्या नावे करा, जप्तीतून वाचेल. मी नको म्हटले. ज्यांचा माणूस गेला त्यांना कागद दाखवून हात हलवत परत पाठवायचे, हे मला जमणार नाही. सून निकिता माझ्यावर चिडेल, आणि तिचे चिडणे रास्त आहे. पोरी, शिलाई मशीन आणि गाय तुझी. त्यावर कोणाचा हात पडू देऊ नकोस.

५. पुतळ्यांची माळ अश्विनीला. "मला आणायला गेला म्हणून झालं" असे तिने पुन्हा म्हणू नये.

६. मी गेले तर राम माहेरचे लुगडे घेऊन येईल. भाऊ आहे, येणारच. रडेलही, आणि ते रडणे खोटे नसेल. अश्विनीने त्याला दारातच विचारावे, "मामा, चावी कुनी दिली?" चार माणसांत "मी दिली" म्हणाला, तर ते लुगडे माझ्या अंगावर घालावे. गप्प राहिला, तर मला घरच्या जुन्या पातळात न्यावे. ते लुगडे त्याचे त्याला परत द्यावे.

सही : साळूबाई आसाराम धनवटे

साळूबाईंनी हे आम्हा दोघींना वाचून दाखवून आमच्यासमोर सही केली. आम्हाला यातून काही मिळणार नाही.

साक्षीदार :
१. सविता भाऊसाहेब जाधव, अंगणवाडी मदतनीस (सही)
२. गोजरबाई विठ्ठल बनकर, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण : पुणतांबा
दिनांक : २१ नोव्हेंबर २०२५