चार खणांचा डबा

लालबाग,
रविवार, दुपार

प्रिय अनुजा,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र आधी मावशींच्या हातात देशील, "तूच वाच गं आई, मला वेळ नाही" म्हणशील, आणि त्या चष्मा शोधत असतानाच परत हिसकावून घेशील. सहा वर्षांत माणूस काही एवढा बदलत नाही. फोन केला असता, पण तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर मीच इकडचं तिकडचं बोलत बसले असते. मी किती बोलघेवडी आहे हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? कागदावर मात्र विषय टाळला की टाळलेला दिसतो. विषय एकच आहे. आपलं कोळीवाड्याचं चित्रीकरण, सगळे बासष्ट तास, त्या दसऱ्याला गेलं आणि त्याच्यापाठोपाठ तूही गेलीस. लालबागहून माझगावला बसने वीस मिनिटं लागतात, आणि सहा वर्षांत आपल्या दोघींपैकी एकीनेही ती बस पकडलेली नाही.

आधी थोडी फुशारकी मारू दे, कारण ती मारायला मला दुसरी कुणी समजणारी मैत्रीण नाही. तळमजल्यावरच्या आपल्या त्या खोलीत अजून मीच आहे. दार तेच, खिडकीतून येणारा मसाला गल्लीचा ठसकाही तोच. पण आतली मांडणी बघशील तर तोंडात बोट घालशील. चालू कामासाठी दोन वेगवान डिस्क मी एकत्र जोडल्यात. प्रत्येक फाइलचा अर्धा भाग हिच्यावर जातो, अर्धा तिच्यावर, दोघी एकदम पळतात आणि काम निम्म्या वेळात होतं. पण एक गेली की दुसरीवर नुसते अर्धेमुर्धे तुकडे उरतात, म्हणून ह्या दोघींवर माझा जीव आहे, विश्वास नाही. संपलेलं काम जातं डिस्क बसवायच्या दुसऱ्या डब्यात, दोन मोठ्या संथ डिस्कवर. त्या जुळ्या आहेत. एकीवर जे लिहिलं जातं तेच दुसरीवर, त्यामुळे एक मेली तरी दुसरी घर चालवते.

आता तू म्हणशील, झालं की मग, सुरक्षित आहे सगळं. नाही बाई! जुळ्या शहाणपणात एकसारख्या तशाच मूर्खपणातही. चुकून काही पुसलं तर ते दोन्हीकडून एकाच क्षणी पुसलं जातं. जुळ्या म्हणजे राखीव नक्कल नव्हे, हे मी येईल त्या गिऱ्हाइकाला मास्तरीणबाईंसारखी ऐकवते आणि ते बिचारे मान डोलावतात. म्हणून दर शनिवारी एक वेगळी डिस्क जोडायची, आठवड्याचं काम तिच्यावर उतरवायचं आणि वायर काढून ती वरच्या खोलीत आईच्या लोखंडी कपाटात, शालूच्या घडीत ठेवायची. पहिल्यांदा ठेवली तेव्हा आई म्हणाली, "गो, माज्या शालवाक ह्येचो चटको बसलो तर?" आता तीच शनिवारी संध्याकाळी हाक मारून विचारते, "मेघना, तुजी ती निजाक इली नाय अजून?" शिवाय दर पंधरा दिवसांनी सगळे पंखे उघडून पुसते. मे महिन्यात गल्लीत मसाल्याची कांडपं सुरू झाली की इथला पंखा हवेबरोबर अर्धा किलो मिरची ओढतो, आणि डबा उघडला की मी सलग दहा शिंका देते. तू अकरा द्यायचीस.

आपला पहिला डबा आठवतो? काळा, चार खणांचा, लॅमिंग्टन रोडवरून आपण दोघींनी टॅक्सीत मांडीवर घेऊन आणलेला. वेगाच्या दोन डिस्क आणि नकलेच्या दोन, चारही त्या एकाच डब्यात. तेव्हा आपल्याला वाटायचं, केवढी हुशारी केली! मूळ प्रत आणि तिची नक्कल शेजारी शेजारी, एकाच पंख्याखाली, एकाच वायरवर. आज कुणी असं करताना दिसलं तर मी त्याच्या हातून डबा काढून घेईन. पण तेव्हा ज्ञान नव्हतं आणि उत्साह उतू जात होता. तो तुझा पहिला स्वतःचा माहितीपट होता. कॅमेरा तू, आवाज आणि यंत्रं मी. तीन महिने आपण वरळी कोळीवाड्यात वाळत घातलेल्या बोंबलांखालून वाकत वाकत फिरलो. कपड्यांचा वास जाईना म्हणून हितेंद्रने माझी उशी वेगळी केली होती, नवरा असून! आणि त्या मथुराबाई. ऐंशीच्या पुढच्या, वारा कुठून आला की कोणती मासळी येणार हे नाकाने सांगणाऱ्या. तू दिवा जरा जवळ नेलास की ओरडायच्या, "गो पोरी, तुजी बत्ती लांब धर, म्हावऱ्याला घाम फुटंल!" तुझं हसू आवरायचं नाही आणि माझ्या हेडफोनमध्ये ते त्यांच्या आवाजावर चढायचं. मी रागवायचे.

मग दसरा आला. तुझे बाबा गिरणीत होते तेव्हा दसऱ्याला मागांना झेंडूच्या माळा चढायच्या, आणि तो दिवस यंत्रांचा, त्या दिवशी त्यांना राबवायचं नाही, हे तू त्यांच्याकडून घेतलं होतंस. सकाळी तू सगळं बंद केलंस. कॅमेरा, माइक, भिंगं, आणि चारही डिस्क खणांतून बाहेर काढून मऊ फडक्याने पुसल्यास. पाटावर त्या डावीकडून उजवीकडे मांडल्यास, एक, दोन, तीन, चार. अनामिकेने इवलंसं कुंकू लावलंस तेही वरच्या स्टिकरवर, डब्यात बसणाऱ्या सोनेरी दातांपासून लांब, कारण मी ओरडत होते. आपट्याची पानं ठेवलीस. मी चेष्टा केली, की आता ह्यांना पुरणपोळीही भरव. तू म्हणालीस, "हस तू, पण ह्या आपल्यासाठी वर्षभर गरगर फिरतात, एक दिवस हात जोडले तर काय बिघडलं?" दुपारी तू जेवायला आणि सोनं वाटायला घरी गेलीस. चार वाजता परत आलीस तेव्हा डब्याचा दिवा लाल होता आणि पडद्यावर चारही डिस्क कोऱ्या दिसत होत्या.

पुढचं तू विसरली नसशील, तरी मी लिहिते, कारण त्यात माझा भाग आहे. लॅमिंग्टन रोडचे राजारामभाऊ, ज्यांच्याकडून आपण डबा घेतला होता, त्यांनी चारही डिस्क टेबलावर ठेवून विचारलं, "काय झालं नेमकं? कुणी काही दाबलं का?" मी म्हणाले, "नाही. अनुजाने पूजेला काढल्या होत्या." त्यांनी भिंगातून बघितलं, एका स्टिकरच्या कडेला कुंकवाचा कण दिसला आणि त्यांनी मान हलवली. मग ते तीन आठवडे डिस्कचे दात साफ करत राहिले, वेगळे डबे लावून बघत राहिले, आणि शेवटी "कुंकू आत गेलं असणार" म्हणून त्यांनी हात टेकले. ज्या संस्थेसाठी आपण काम करत होतो तिला तू स्वतः पत्र लिहिलंस, की निष्काळजीपणा माझा. मी ते पत्र टाइप करून दिलं. शुद्धलेखनही तपासलं.

तुझी मामेबहीण स्पृहा मधूनमधून तुझ्या बातम्या देते. तिच्यावर चिडू नकोस, मीच खोदून खोदून विचारते. म्हणाली, तू आता कुणाच्या तरी ऑफिसात परवानग्या आणि वेळापत्रकं बघतेस, कॅमेरा कपाटात आहे. चित्रीकरणावर गेलीस तरी मेमरी कार्डाला हात लावत नाहीस, दुसऱ्याला काढायला सांगतेस. ह्या दसऱ्याला ऑफिसात पूजा होती तेव्हा तू ताट हातात घेतलं नाहीस. "माझा हात लागला की बिघडतं," असं म्हणालीस म्हणे, हसत. स्पृहाने ते मला गंमत म्हणून सांगितलं. मी ताटावरून तशीच उठले, आणि ताट सोडून उठणारी बाई मी नव्हे.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरून त्या चार जुन्या डिस्क काढल्या. राजारामभाऊंनी परत दिल्यापासून त्यांना कुणी शिवलं नव्हतं, हे एक बरं झालं. मी कामाला लागले ती अगदी पद्धतशीर. आधी प्रत्येकीची जशीच्या तशी नक्कल उतरवली, मूळ चौघी बाजूला ठेवल्या आणि सगळे प्रयोग नकलांवर केले. राजारामभाऊंना जे माहीत नव्हतं ते मला माहीत होतं, त्यामुळे ते जिथे अडले तिथे मला अडायचं कारण नव्हतं. आतलं काही जळलं नव्हतं, बिघडलं नव्हतं. पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका कोरी झाली होती आणि पुढची काही पानं पुसली होती. कोणती डिस्क कितवी आणि तुकडे केवढे, हे जुळवायला अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी दुपारी मथुराबाई बोलल्या. अनुजा, त्या दोन वर्षांपूर्वी गेल्या, तू अंत्ययात्रेला होतीस असं कळलं. त्या बोलल्या, बत्ती लांब धर म्हणाल्या, आणि मागून तुझं हसू आलं, माझ्या कामाची वाट लावणारं. मी ते सहा वेळा ऐकलं आणि ढसाढसा रडले. बासष्टपैकी सत्तेचाळीस तास परत आलेत. स्वच्छ, पहिल्या दिवसासारखे.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. त्या दुपारी तू जेवायला गेल्यावर डिस्क परत डब्यात मी लावल्या. हितेंद्र गाडी घेऊन खाली उभा होता, मला सासरच्या पंगतीला उशीर होत होता. तू बसली होतीस त्याच्या समोरच्या बाजूने मी पाटाशी बसले, आणि माझ्या डावीकडून एक, दोन, तीन, चार अशा उचलल्या. तुझी चौथी माझी पहिली झाली. डबा चालू केला तर पडद्यावर प्रश्न आला, ही मांडणी ओळखीची नाही, सगळं नव्याने मांडू का? यंत्रातलं मला सगळं कळतं ह्या तोऱ्यात मी अर्धंच वाचलं आणि 'हो' दाबलं. चूक लक्षात येताच वायर उपटली, परत जोडली तर दिवा लाल झाला, आणि तू आलीस तेव्हा मी तुझ्याइतकीच दचकल्याचं सोंग केलं. राजारामभाऊंना खरं सांगितलं असतं तर त्यांनी तेव्हाच सगळं परत मिळवलं असतं, आणि तुझा माहितीपट मथुराबाईंनी स्वतः पाहिला असता. परवा त्यांना जाऊन हे सांगून आले. संस्थेलाही माझ्या सहीचं पत्र गेलं आहे, त्याची प्रत सोबत आहे. मी तुझी माफी मागते. ती द्यायची की नाही हे तुझ्यावर आहे, आणि नाही दिलीस तर मी वाद घालणार नाही. पाकिटाबरोबरच्या खोक्यात एक डिस्क आहे, तिच्यावर ते सत्तेचाळीस तास आहेत. माहितीपट तुझा आहे, तू पुरा कर, माझ्यासोबत नको असेल तर माझ्याशिवाय कर. फक्त ती डिस्क दुसऱ्या कुणाला जोडायला सांगू नकोस. तुझ्या हाताने जोड. त्या हातांनी काहीच बिघडवलेलं नव्हतं, आणि हे मला सहा वर्षं ठाऊक होतं.

तू नाही म्हणालीस तरी तुझीच,
मेघना