स्टंपांमागची एकच जागा

शारजा, १३ मार्च २००९
शुक्रवार, दुपार

प्रिय ताई,

हातात फोन असताना हा शहाणा पत्र कशाला लिहितोय, असं तू म्हणशील. खरं सांगू, फोनवर तुझा आवाज आला की मला हे बोलता येणार नाही. गेल्या तीन आठवड्यांत दोनदा तुझा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत ठेवून दिला. म्हणून पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, तरी तुला ते वाचता यायचं नाही हे मला ठाऊक आहे. भावोजींनी वाचलं तर वाडाभर आकाशवाणीच्या बातम्या होतात आणि तुझी लेक रुपाली आता सासरी. पूर्वी तुझा विघ्नेश माझी पत्रं वाचून दाखवायचा तेव्हाची गंमत आठवते का? त्याच्यासाठी म्हणून मी दोन-चार कानपिचक्या लिहायचो, अभ्यास सोडून भर उन्हात कीपिंग काय करतोस वगैरे, आणि हा पठ्ठ्या तेवढ्या ओळी सफाईने गाळून पुढे जायचा. फोनवर मी त्याबद्दल विचारलं की तू म्हणायचीस, असलं काही नव्हतं रे पत्रात.

तो उद्याच्या विमानाने येतोय, हे त्याने तुला कळवलंच आहे. कंपनीने माणसं कमी केली, असं सांगितलं असेल. ते खोटं नाही. पण तेवढंच नाही, आणि उरलेलं तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

आधी इथली मंदीची हवा सांगतो. तुला आठवतं, शारजाहून दुबईच्या ऑफिसला पोचायला दोन-दोन तास लागतात म्हणून मी किती कुरकुर करायचो. आता चाळीस मिनिटांत पोचतो. पण मोकळ्या रस्त्याचा आनंद होत नाही, कारण तो मोकळा का झालाय हे गाडीतल्या प्रत्येकाला माहीत असतं. आमच्या रोल्ला भागातल्या किराणा दुकानाबाहेरच्या फळ्यावर पूर्वी 'बेडस्पेस पाहिजे', म्हणजे भाड्याने एका खाटेपुरती जागा, अशा चिठ्ठ्या असायच्या. आता सोफा विकणे, फ्रीज विकणे, पाळणा विकणे. वेदांगच्या वर्गातली सात मुलं शाळेचं वर्ष संपायच्या आत गेली. परवा जेवताना त्याने मान वर न करता विचारलं, "बाबा, आर वी ऑन द लिस्ट टू?" अनुपमाने त्याला भात वाढला आणि मी पाणी प्यायलो. ताई, मी पन्नाशीला आलोय, पण गुरुवार उजाडला की मला शाळेच्या परीक्षेसारखी धडकी भरते. आमच्याकडे नोकरी गेल्याची पाकिटं गुरुवारी मिळतात.

आमच्या कंपनीची क्रिकेट टीम तुला माहीत आहे. जागांचे भाव चढे होते तेव्हा चेअरमनसाहेबांना तिचं फार वेड. कंपन्यांच्या लीगमध्ये जिंकायचं म्हणून खेळणारी मुलं भारतातून आणायची, कागदावर कुणाला स्टोअरकीपर दाखवायचं, कुणाला हेल्पर, आणि खरं काम काय तर आठवडाभर सराव आणि शुक्रवारी मॅच. ॲडमिन माझ्याकडे आणि पूर्वी मीही कीपिंग केलेलं, म्हणून टीमही माझ्याच गळ्यात पडली. दोन वर्षांपूर्वी कीपर निवडायची वेळ आली तेव्हा दोन पोरं आवडली. एक पुण्याचा निखिल, दुसरा आपला विघ्नेश. साहेब म्हणाले, दोघांनाही घ्या, काय फरक पडतो. तेव्हा खरंच काही फरक पडत नव्हता. बॅट्समन पाच खेळवता येतात, बोलर पाच, पण स्टंपांमागे जागा एकच. एक खेळायचा, दुसरा बाकावर पाण्याच्या बाटल्या सांभाळायचा, आणि पुढच्या शुक्रवारी उलट. दोघांची मैत्रीही झाली. कॅम्पवर, म्हणजे कंपनीच्या कामगार वसाहतीत, दोघांचे पलंग एकावर एक होते.

आता एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली ती सांगतो. आमच्याकडे रक्ताच्या नात्यातल्या माणसाला नोकरीला लावायची बंदी आहे. विघ्नेशच्या अर्जावर शिफारस करणाऱ्याचं उमेदवाराशी नातं काय, असा एक रकाना होता. तिथे मी 'काही नाही' लिहून खाली सही केली. तो आला त्या दिवशी विमानतळावरून येताना त्याला बजावलं, इथे मी तुझा मामा नाही, सर आहे. तो हसला. म्हणाला, गाडीच्या काचा वर असल्या तर चालेल ना? मग तसंच ठरलं. कॅम्पवर सर, मैदानावर सर, ऑफिसात सर, आणि गाडीच्या काचा वर केल्या की मामा. तुझ्या हातच्या आंबोळ्यांची आठवण काढायची, रुपालीच्या चुगल्या करायच्या, सगळं त्या बंद गाडीत. कुणाला संशय येऊ नये म्हणून मी त्याला इतरांपेक्षा जास्त ओरडायचो. एकदा उशिरा आला म्हणून सगळ्यांसमोर मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या. त्याने बाराव्या फेरीपर्यंत थांबायचं नाव घेतलं नाही. हट्टीपणात तुझ्यावर गेलाय.

फेब्रुवारीत जुलेखाने मला बोलावलं. जुलेखा आमच्या एचआरला आहे, दापोलीकडची, आपल्याच भाषेत बोलते आणि बोलताना नजर चुकवत नाही. म्हणाली, "विजयसाहेब, दोन कीपर आता खलास. एकच ठेवायचा. नाव तुम्ही द्या, गुरुवारपर्यंत. आणि ज्याला ठेवायचा त्याची फाइल वर ऑडिटला जाईल, कागद नीट बघून घ्या." ती सहज बोलून गेली असेल. मी मात्र जिना उतरताना कठडा धरला. ज्याला ठेवायचा त्याची फाइल वर जाणार. म्हणजे तो रकाना वर जाणार, खालच्या माझ्या सहीसकट.

आता खेळाचं म्हणशील तर निखिल चांगला कीपर आहे. हात सुरक्षित, डोकं शांत, दहात नऊ वेळा चूक करणार नाही. पण विघ्नेश फास्ट बोलरला सुद्धा स्टंपांना खेटून उभा राहतो आणि बॅट्समनचा पाय रेषेवरून सुपारीएवढा उचलला की बेल्स उडवतो. मागून त्याची अखंड बडबड चालू असते, आणि तेवढ्या बडबडीने अकरा माणसं जागी राहतात. मी वीस वर्षं हा खेळ खेळलो, ताई. एक ठेवायचा तर कोण, याचा मला विचार करावा लागला नाही. त्याच आठवड्यात निखिल कॅम्पच्या फाटकाशी मला म्हणाला, "सर, तुमचं आणि विघ्नेशचं काय नातं आहे ते मला कळलंय. मी कुणाला बोलणार नाही." बिचाऱ्याने मला धीर द्यायला म्हटलं असेल. पण मी ज्या हवेत राहतोय तिथे असं वाक्य धमकीसारखं ऐकू येतं. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. अनुपमाला वाटलं पित्त झालंय.

मग शुक्रवारी मी आपसात मॅच ठेवली. टीमचे दोन भाग केले, एका बाजूला निखिल, दुसऱ्या बाजूला विघ्नेश. दोघांना उभं करून सांगितलं, आज जो चांगला खेळेल तो राहील. निखिलचा चेहरा उतरला. विघ्नेशने ग्लोव्हजचे पट्टे आवळले. त्याला मी तसा खेळताना कधी पाहिलं नव्हतं. दोन स्टंपिंग, एक डावीकडे झेप घेऊन घेतलेला कॅच, बाहेर बसलेले पठाण ड्रायव्हर उभे राहून टाळ्या वाजवत होते. आणि मी सीमारेषेवर खुर्ची टाकून बसलो होतो आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेत होतो, की याच्या हातून एक तरी सुटू दे. तुझ्या मुलाच्या हातून. लहानपणी मला ग्लोव्हज नव्हते तेव्हा जुन्या सतरंजीचे तुकडे दुहेरी करून तूच मला शिवून दिले होतेस, आणि माझ्या हातून कॅच सुटला की तू कुंपणापाशी डोळे मिटून घ्यायचीस. मी त्याच्यासाठी उलटं मागत होतो.

शेवटच्या षटकांत ऊन समोरून आलं. लेग साइडला एक बारीक कड लागली आणि चेंडू त्याच्या उजव्या ग्लोव्हला लागून खाली पडला. कुठल्याही कीपरच्या हातून सुटला असता. मला इतकं हलकं वाटलं की त्याची मलाच शिसारी आली.

येताना त्याला गाडीत घेतलं. काचा वर केल्या, एसी लावला आणि म्हणालो, त्या एका कॅचवर सगळं ठरलं रे, माझा नाइलाज आहे. त्याने हातातले ग्लोव्हज उलटसुलट केले. मग म्हणाला, "सॉरी, सर." ताई, गाडीच्या काचा वर होत्या. आत आम्ही दोघंच होतो.

त्यानंतर आजपर्यंत त्याने मला मामा म्हटलेलं नाही. दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये येऊन त्याने ग्लोव्हज टेबलावर ठेवले, कंपनीचे आहेत म्हणाला, रजिस्टरमध्ये जमा करून सही केली. चिपळूणच्या क्लबची मंडळी तुझी वाट बघतील, असं मी म्हटलं तर म्हणाला, आता कीपिंग बंद, ऐन वेळी सुटतो माझ्या हातून. निखिलला मी निर्णय सांगितला तेव्हा तोही खाली बघत होता. एवढंच बोलला, "सर, तो माझ्यापेक्षा चांगला आहे." त्या मुलाचा यात काही दोष नाही. त्याच्याबद्दल मनात काही ठेवू नका.

आता जे लिहायला तीन आठवडे लागले ते लिहितो. जुलेखाने नाव गुरुवारपर्यंत मागितलं होतं. मॅच शुक्रवारी झाली. मी गुरुवारी सकाळी साडेनऊलाच तिच्या टेबलापाशी उभा राहून निखिलचं नाव दिलं होतं. तिने मान वर करून विचारलं, नक्की ना? मी नक्की म्हणालो. विघ्नेशने त्या शुक्रवारी दहा कॅच घेतले असते तरी तो परतच येणार होता. मॅच मी ठेवली ती त्याच्या हातून काहीतरी सुटावं आणि मला त्याच्याकडे बोट दाखवता यावं म्हणून. तो राहिला असता तर माझी सही उघडी पडली असती, माझं पाकीट आलं असतं, वेदांगची शाळा सुटली असती, आम्ही तिघंही सामान बांधून निघालो असतो. मी घाबरलो. अजून घाबरलेलो आहे, कारण पुढचा गुरुवार यायचाच आहे, आणि कदाचित तुझा भाचाही शाळा अर्धवट सोडून याच वाटेने येईल. तेव्हा तू मला दारात उभं करशील का, याचीही भीती वाटते.

तुझ्यासाठी एक पार्सल त्याच्याकडे देतोय आणि आईनेच उघडायचं असं बजावणार आहे. खजूर आहे, बारा दिरहम किलो, म्हणजे दीडशेच्या वर पडला, तेव्हा वाड्यातल्या पोरांना वाटून टाकू नकोस. अनुपमाने घेतलेली चादर आहे. तळाशी ग्लोव्हज आहेत, ते मी स्टोअरमधून माझ्या नावावर काढून घेतले. हे पत्र चादरीच्या घडीत ठेवतोय. तुला ते सापडेल, तू दोन ओळी लावून बघशील, लागणार नाहीत, आणि सवयीने कागद त्याच्या हातात देशील. त्याच भरवशावर मी हे लिहायला बसलो. तोंडावर सांगायची छाती असती तर गाडीतच सांगितलं असतं, आणि उद्या विमानतळावरही माझ्याने होणार नाही, हे मी आजच जाणतो. म्हणजे ताई, हे सगळं तू आत्ता त्याच्याच आवाजात ऐकते आहेस. विघ्नेश, तू इथे थांबला असशील. थांबू नकोस, आणि यातली एकही ओळ गाळू नकोस बाळा. ही पुढची तर आईला नीट ऐकू जाईल अशी मोठ्याने वाच: विघ्नेश कॅच सुटला म्हणून परत आलेला नाही, त्याचा मामा घाबरला म्हणून परत आलाय.

तुझाच,
विजू