वरसेच्या घराची तोंडी वाटणी

रामवाडी, पेण
रविवार

प्रिय एझ्रा,

पाकीट पाहून दचकू नकोस. फोन केले, तू उचलले नाहीस. मेसेजवर निळ्या खुणा उमटतात, म्हणजे वाचतोस, पण उत्तर देत नाहीस. म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. इतकी वर्षं तिकडे परदेशात काढूनही तुझं मराठी शाबूत असेल असं धरून चालते. तिथल्या आपल्या डॅनियलला वाचून दाखवायला सांगू नकोस. चुलतभाऊ असला तरी हे आपल्या दोघांतलं आहे.

आयझॅकदादा गेला तेव्हा शेतातले वाल भरले होते. सकाळी ओटीवर चहा घेऊन बसला आणि तिथेच कलंडला. आपल्यात दफनाला वाट पाहता येत नाही, त्यामुळे त्या दिवशी तू नव्हतास याचं मला काही वाटलं नाही. कद्दिशच्या प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवताना मात्र दमछाक झाली. रोह्यात आता आपल्या ज्यू समाजाची घरं राहिलीत तरी किती? पनवेलहून, अलिबागहून माणसं बोलवावी लागली. मी सुतकाचे सात दिवस दादाच्या वरसेच्या घरात जमिनीवर बसले, दादाचं जेवणखाण बघणारी मालू तिच्या घरून डाळभात आणून द्यायची. तू त्या आठवड्यातही आला नाहीस. तिकीट मिळत नाही म्हणालास. तिकीट मिळत नाही? सख्ख्या भावाला? माझ्या मनात पहिली पाल तिथे चुकचुकली.

मग पंधरवड्याने घर आवरायला म्हणून गेले, तर मागच्या खोलीला नवं कुलूप. महिपतीला तू ओळखतोस, निडीचा, दादाचं शेत करायचा. मालू त्याचीच बायको, वहिनी गेल्यापासून दादाचा स्वयंपाक तीच करायची. मी चावी मागितली. महिपती मान खाली घालून म्हणाला, "ताई, मागची खोली न् वालाचं शेत दादांनी मला दिलंय. बोलले होते तसं." मी विचारलं, कागद आहे? म्हणाला, "कागद नाय. शब्द हाय."

एझ्रा, त्या क्षणी मला काय काय वाटलं ते लिहायलाही हात धजत नाही. दादा कलंडला तेव्हा घरात हीच दोघं होती. डॉक्टरला वेळेवर बोलावलं का? औषधं नीट दिली का? इतकी वर्षं ज्या मालूच्या हातचं जेवले, तिने पुढे केलेला चहा मी नको म्हटला. कारण मला दादाचा शब्द माहीत होता ना! मागल्या सुक्कोथच्या सणाला त्याच ओटीवर बसून तो मला म्हणाला होता, "डेबोरा, हे घर तुझं. तूच जवळ राहिलीस." मग महिपती खोटं बोलतोय, दुसरं काय?

मी दादाच्या किती मागे लागले होते, मृत्युपत्र कर म्हणून. तो हसायचा. "मी काय संस्थानिक आहे? एक घर, एक शेत. तुम्ही काय डोकी फोडणार आहात एकमेकांची?" मृत्युपत्र म्हटलं की त्याला वाटायचं, आपण मरणाला आवतण देतोय. आणि फक्त श्रीमंतांनी करायची गोष्ट आहे ती.

पेणला ऋतुजा म्हणून वकीलबाई आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी शांतपणे सांगितलं. मृत्युपत्र नाही, बायको नाही, मूल नाही, म्हणजे मागे राहिलेली भावंडं सारखी वाटेकरी. तू आणि मी, निम्मेनिम्मे. तोंडी शब्दाला किंमत नाही, मला दिलेल्याही नाही आणि महिपतीला दिलेल्याही नाही. बँकेतल्या ठेवीवर नॉमिनी म्हणून माझं नाव आहे, तर मी समजत होते ते पैसे माझे. त्या म्हणाल्या, "नॉमिनी म्हणजे राखणदार. पैसे काढून वारसांना द्यायचे." मी विचारलं, इतकं सगळं टाळायला दादाने काय करायला हवं होतं? तर म्हणाल्या, साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांसमोर सही करायची, बास. नोंदणी केली तर आणखी बरं. ज्याला काही मिळणार त्याला तेवढा साक्षीदार करायचा नाही. एवढंच होतं रे. चहा पिता पिता झालं असतं.

बाहेर पडताना मला वाटलं, चला, महिपतीचा प्रश्न मिटला. आणि त्याच आठवड्यात हिरामण दारात. रोह्याला जागांचे व्यवहार करतो, बांधकामंही घेतो. वरसेला आता जिकडे तिकडे इमारती उठतायत, त्याचं चांगलं चाललंय. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला, "ताई, घराचं मनावर घ्या. एझ्राशेठचं न् माझं बोलणं वर्षापूर्वीच झालंय. मापं पण पाठवलीत मी त्यांना."

वर्षापूर्वी! दादा जिवंत असताना! म्हणजे दादा श्वास घेत होता आणि तू तिकडून त्याच्या घराची मापं मागवत होतास. म्हणून आला नाहीस. म्हणून फोन उचलत नाहीस. सगळं जुळलं. त्यानंतर मी महिपतीवरचा संशय उचलला आणि तसाच्या तसा तुझ्यावर ठेवला. रोज ठेवला. शुक्रवारी दिवा लावताना तुझं नाव घ्यायचे, तेही घेईनासे झाले.

मालू एकदा पेणला बाजाराला आली तेव्हा माझ्याकडे डोकावली. मी दार अर्धंच उघडलं. ती उंबऱ्याशीच बसली आणि म्हणाली, "ताई, माझा नवरा खोटं नाय बोलत. मला पण आधी वाटलेलं, हा मनचं सांगतोय. पण दादा बोलले ते मी माझ्या कानानं ऐकलंय." मग म्हणाली, "दुसरं पण ऐकलंय. एझ्राभाऊंना फोनवर सांगत होते, घर तुझंच हाय, म्हातारपणाला इकडंच ये. न् तुम्हाला पण बोललेच असतील. दादांना कुणाला नाय म्हणायला जमायचंच नाय."

मी तिला आत घेतलं. तिने स्वतःच्या नवऱ्याच्या दाव्यावर पाणी सोडण्यासारखं बोलून दाखवलं होतं, आणि मी तिचा चहा नाकारला होता. आम्ही दोघी दादाला आठवून हसलो आणि मग मी रडले. लबाड कुणीच नव्हतं. एका भल्या माणसाने प्रेमापोटी तिघांना त्याच घराचा शब्द देऊन टाकला होता, आणि आम्ही तिघं एकमेकांकडे चोरासारखे बघत बसलो होतो.

पण तुझी मापं? ती काही माझ्या डोक्यातून जाईनात. दुसऱ्या दिवशी मी हिरामणला फोन लावला, स्पष्टच विचारलं, माझ्या भावाने घर विकायला काढलंय का? तो चपापला. "विकायचं नाय बोलले. विकायचं मी आपलं माझ्या मनानं बोललो. त्यांनी विचारलेलं, ओटीच्या पायऱ्या काढून उतार करता येईल का. न् न्हाणीघराचं दार रुंद होईल का, चाकाची खुर्ची आत जाईल एवढं."

चाकाची खुर्ची कुणासाठी? मग डॅनियलला फोन केला. तो टाळायला लागला, मी सोडलं नाही, तेव्हा बोलला. तुझे पाय गेलेत, एझ्रा. वर्षभर होऊन गेलं. दोनदा इस्पितळात राहिलास. तुला तिकीट मिळत नव्हतं असं नाही, तुला विमानापर्यंत जाता येत नव्हतं. आणि ताईला सांगू नकोस म्हणून डॅनियलकडून वचन घेतलंस. दादाला तरी माहीत होतं का?

ऋतुजाबाईंनी कागद तयार केलेत. मागची खोली आणि वालाचं शेत महिपती आणि मालूच्या नावे करायचं, त्याला तुझी सही लागेल. माझं मृत्युपत्र मी उद्याच करतेय. पण त्यासाठी मी हे पत्र लिहिलेलं नाही. तू तिकडे एकटा राहतोस, तुझ्यामागे कुणी नाही, आणि तुला काय हवंय ते मला ठाऊक नाही. उपचार कुठवर करायचे, तुझ्यासाठी निर्णय कुणी घ्यायचा, तिकडच्या मातीत राहायचंय की इथे दादाशेजारी, हे मला अंदाजाने ठरवायला लावू नकोस. ते सगळं लिही, साक्षीदारांच्या सह्या घे आणि मला पाठव. फोनवर "मी ठीक आहे ताई" म्हणालास तर माझा विश्वास बसणार नाही, तो आता इतक्यात कुणावरच बसत नाही. आणि यायचं असेल तर लवकर कळव. हिरामणने परवापासून ओटीच्या पायऱ्या फोडायला घेतल्या आहेत.

तुझ्या खऱ्या उत्तराची वाट पाहणारी, तुझीच
डेबोराताई