मण्यांची झीज

९ फेब्रुवारी २००३, दोहा
पोचले. हवा छान आहे. विमानतळावर व्हिलाचे मॅनेजर खलीलभाई आले होते, मूळचे रत्नागिरीचे. एवढी शिकलीस नि मणी ओवायला इतक्या लांब आलीस होय गो, म्हणाले. हसू आलं. व्हिलाच्या मालकांच्या संग्रहातला प्राचीन इजिप्शियन हार मला दुरुस्त करायचा आहे. खोलीत सोबतीला सरोज, मालकांच्या आईची नर्स, साताऱ्याची. मी पटकन मिसळत नाही. मी काही विचारायच्या आत तिनेच चिवड्याचा डबा पुढे केला.

१२ फेब्रुवारी
हार छाती झाकेल एवढा रुंद. निळ्या झिलईचे मणी, मधे कोरीव कमळं, टोकांना ससाण्याची डोकी. मानेमागे बांधायला बंद नाहीत, तशी सोयच केलेली नाही. मायक्रोस्कोपखाली मण्यांच्या वेजांच्या, म्हणजे भोकांच्या, कडा धारदार दिसल्या, दोऱ्याने जराही न झिजलेल्या. जिवंत माणसाने तो कधी घातलेला नाही. प्रेतावर ठेवायलाच घडवला. कुजलेला दोरा काढून नवा ओवला.

१६ फेब्रुवारी
बाबा पटवेकरी, दागिने दोऱ्यात ओवून गाठवणारे. दागिना गळ्यावर बसवून पाहिल्याशिवाय त्यांनी शेवटची गाठ कधी पक्की केली नाही. माझीही तीच सवय. हार बसवून पाहायला मागवलेला पुतळा कस्टम्समध्ये अडकला आहे, म्हणून सरोज तयार झाली. बंद नाहीत, तेव्हा टेबलावर आडवी पडली. माणसांपेक्षा मण्यांशी जास्त बोलतेस, असं चिडवत होती. हार चपखल बसला. ऊठ म्हटलं, तर तिचा डोळा लागलेला. हार उचलल्यावरच जागी झाली.

१७ फेब्रुवारी
सरोज ड्यूटीवर गेली नाही. अंगात त्राण नाही म्हणते. हार कपाटात, किल्ली माझ्याकडे. तरी हाराखालच्या ट्रेमध्ये निळी पूड. वेजांच्या कडा गोल झाल्या आहेत. घातल्याशिवाय अशी झीज होत नाही.

१९ फेब्रुवारी
डॉक्टरांना काही सापडलं नाही. तिच्या गळ्यावर कमळांचे वळ. तिच्यासमोरच कपाट उघडलं. ती श्वास घेते तेव्हा मणी वर येतात. सोडते — खाली.

२० फेब्रुवारी
दोरा कापला. सरोजचा श्वास थांबला. घाईने गाठ मारली, तेव्हा सुरू — खलीलभाई म्हणतात, उद्याच्या फ्लाइटने तिला घरी पाठवू, इन्शाल्ला. उद्यापर्यंत ती जगणार नाही. हाराला गळा हवा आहे. दुसरा मिळाला तर —

दुपार
सरोजला खुर्चीवर टेकवलं. मी टेबलावर आडवी, हार माझ्या गळ्यावर. वही पोटावर.
तिचा श्वास मोकळा झाला. ओठांवर रंग —
उठली. सरोज उठली!
हार उचल म्हटलं. ऐकत नाही. तिने माझे पाय जुळवले, प्रेताचे जुळवतात तसे. डावा हात सरळ केला. आता उजवा —