तापाचा कितवा दिवस

ती. आईस,
लांबूनच पाया पडते.

मी ठणठणीत आहे. मुलांच्या वॉर्डातलं नर्सचं काम आता अंगवळणी पडलंय. केसपेपर भरताना मीच विचारते, "तापाचा कितवा दिवस?" मुलगा असला की पहिला, फार तर दुसरा. मुलगी असली की पाचवा, सहावा. "वाटलं, उतरेल आपोआप," म्हणतात. काल तशीच एक गेली, सात महिन्यांची.

तुझे गुडघे कसे आहेत?

तू लिहिलंस, दादाच्या जुळ्यांना ताप आला, नातवाला लगेच दवाखान्यात नेलं, आणि नातीचा उतरेल आपोआप. तुझं पत्र यायला चार दिवस लागले. शेजारच्यांकडे फोन केला, लागत नाही. रागावू नकोस, पण हे पत्र हातात पडेल तेव्हा तिचा कितवा दिवस असेल, आई?

तुझी थोरली