पांडाची पिशवी

ती. आई,
लायप्झिगहून वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. फक्त दमलेय. एका पांडाच्या मादीचे नमुने आमच्या लॅबमध्ये येतात. जंतुसंसर्गाने तिच्या गर्भाच्या पिशवीला सूज आलीय. वर्षातून जेमतेम दोन दिवस तिला गर्भ राहू शकतो, ते यंदा असेच गेले. बांबू नेहमीसारखा खायची, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. जनावरं दुखणं लपवतात. फायरआबेंडला, म्हणजे काम सुटल्यावर, सगळे घरी जातात, मी तिचे जंतू बघत थांबते.

तू शेजारी सांगतेस, ज्ञानदा पांडांचे दात तपासते. सांग हवं तर. खरं काय ते चारचौघींत तुला बोलवत नाही, कळतं मला.

बाबांचा गुडघा कसा आहे? ओजस अभ्यास करतो का?

परवा शुभामावशी फोनवर बोलून गेली, दिवाळीपासून तुझ्या अंगावरून पांढरं जातंय आणि ओटीपोट दुखतंय. मला मात्र तू 'सगळं ठीक' म्हणालीस आणि कुकरकडे पळालीस.

आई, मावशीला घेऊन उद्याच डॉक्टरांकडे जा. आणि तिथे दात दुखतो म्हणून सांगू नकोस.

तुझी,
ज्ञानदा