दूध कट्ट्यावरचे पाव्हणे

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

मंगळवार पेठ, कोल्हापूर
ता. ६ नोव्हेंबर १९७८

ती. दाजी यांचे चरणी सयाजीचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र टपालानं न पाठवता ओळखीच्या एस.टी. कंडक्टरच्या हाती बंद पाकिटात देतो आहे. वाचून झालं की चुलीत घाला. आक्काला आणि शालनला खुशालीचं वेगळं कार्ड टाकलं आहे.

परवा तुम्ही कुणाला न सांगता सकाळची गाडी धरून निघून गेलात. हिनं तुमच्यासाठी थालीपीठं लावली होती, ती मला दोन्ही वेळा खावी लागली. डॉक्टरांचं बोलणं तुमच्या कानावर पडलं, पण आत काही गेलं नाही असं मला वाटतं, म्हणून पुन्हा लिहितो. तुमची लघवी तुंबली ती प्रोस्टेट नावाची गाठ वाढल्यानं. तिचा तुकडा तपासला, त्यात कॅन्सर निघाला. ती गाठ काढायची, आणि पुरुषाच्या अंगातल्या ज्या रसावर हा रोग पोसतो तो बंद व्हावा म्हणून दोन्ही वृषणही काढायचे. मिरजेला हे ऑपरेशन होतं. आता केलं तर पुढं बरीच वर्षं मिळतील, आणि अंगावर काढलं तर रोग हाडात उतरेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे.

दाजी, दोन वर्षांमागं माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं म्हणून तुम्ही नारळ घेऊन भेटायला आला होता. ते हर्नियाचं नव्हतं. हेच होतं, वरचं आणि खालचं, दोन्ही. घरात हिला एकटीला ठाऊक आहे.

मिरजेहून आल्यावर मी घराबाहेर पडत नव्हतो. धोतर ओलं व्हायचं. जन्मभर पोरांना ड्रिल शिकवलेला माणूस मी, रस्त्यात जुने विद्यार्थी सलाम करायचे आणि मला वाटायचं, ह्यांना वास येत असणार. एकदा हिनं मला ढकलूनच बाहेर काढलं. गंगावेशीत दूध कट्ट्यावर जाऊन बसलो. शेजारी कोर्टातले जुने शिरस्तेदार गणपतराव होते. समोर म्हशीची धार काढून फेसाळ दुधाचा पेला त्यांच्या हातात दिलेला, पण ते पीत नव्हते. मीही पीत नव्हतो. प्यालं की उठावं लागतं, हे दोघांनाही ठाऊक. बराच वेळ आम्ही एकमेकांच्या पेल्याकडं बघत बसलो, आणि मग त्यांनी हळू आवाजात विचारलं की मिरजेला होतात काय. मला तिथंच रडू आलं. तेव्हापासून दर शुक्रवारी आम्ही तिथं भेटतो. कबनूरचे गुंडूआण्णा, त्यांचे कापडाचे माग आहेत, तेही येऊन मिळाले. आता तिघंही दूध पितो.

त्याच कट्ट्यावर तालमीतनं येऊन तुम्ही दुधाची चरवी एका दमात रिकामी करायचात. मी मराठी शाळेत होतो. आक्काचं लग्न ठरलं तेव्हा आमचे दाजी म्हशीखाली बसून धार पितात असं मी गल्लीभर सांगत हिंडलो होतो, आणि पोरांना खरं वाटावं म्हणून तुम्ही एकदा तसे बसलातही. तुमच्या नाकात दूध गेलं होतं. त्या दिवसांची फार आठवण येते.

तुमचा होकार कळवा. मायेत उणं पडू देऊ नका, एवढंच मागणं.

आपला,
सयाजी


॥ श्री ॥

गगनबावडा
ता. १५ नोव्हेंबर १९७८

चि. सयाजीस आकारामचे अनेक आशीर्वाद.

पाकीट पोचलं. वाचलं आणि चुलीत घातलं. तू एवढं सोसलंस आणि मी तुझ्या उशाशी बसून हर्नियाच्या नावानं चेष्टा करत होतो, याचं वाईट वाटलं.

पण माझं सांगतो. भात कापून पडलं आहे, झोडणी व्हायची आहे. तुळशीचं लग्न झालं, आता शालनला स्थळं येतील. मुलीच्या बापाला कॅन्सर आहे आणि त्याचं काय काय कापलं आहे अशी बोलवा झाली, तर माझ्या दारात कोण येणार आहे? थोरल्या दोघी दिल्या, ही एवढी एक राहिली आहे.

खरं विचारशील तर ते निमित्त आहे. खोंड बडवून त्याचा बैल करतात ते आम्ही शेतकरी दर साली बघतो. मी स्वतः पाय धरले आहेत. बैल औताला चांगला होतो, पण त्याचा डोळा बदलतो. आखाड्यात उतरलो की माणसं उठून उभी राहायची तो मी माणूस. या गावात अजून मला पैलवान म्हणूनच हाक मारतात. उद्या तुझ्या बहिणीपुढं कुठल्या तोंडानं बसू? तू मास्तर माणूस, तुझं निभावलं. माझं निभायचं नाही.

झालं तेवढं आयुष्य पुष्कळ झालं. पोरीचं लग्न करतो, मग जे व्हायचं ते होऊ दे. यावर पुन्हा लिहू नको. नवा तांदूळ निघाला की पायली पाठवतो. मुलांना आशीर्वाद सांग, आणि म्हाताऱ्याचा राग धरू नको.

आकाराम


(पोस्टकार्ड)

कोल्हापूर
ता. २१ नोव्हेंबर १९७८

ती. दाजी यांस सा. न. वि. वि.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं आमच्याकडचे दोघं पाव्हणे तिकडं येत आहेत. रा. रा. गणपतराव आणि कबनूरचे गुंडूआण्णा. माणसं खानदानी आहेत. मी सगळं बोलून ठेवलं आहे. तुम्ही मनात काही न ठेवता बोलावं आणि हो म्हणावं अशी फार इच्छा आहे. आक्काला म्हणावं चहापुरतं कर, जास्त घाट नको. मी मुद्दाम येत नाही, माझ्यापुढं तुम्हाला संकोच होईल. जिव्हाळा राहू द्यावा.

सयाजी


॥ श्री ॥

गगनबावडा
ता. २९ नोव्हेंबर १९७८

चि. सयाजीस अनेक आशीर्वाद.

उघडं कार्ड टाकायची बुद्धी तुला कुणी दिली? पोस्टमननं वाचलं, मग चावडीनं वाचलं, मग तुझ्या बहिणीनं वाचून घेतलं. खानदानी पाव्हणे येतात, मामानं सगळं बोलून ठेवलं आहे, आणि आम्ही हो म्हणावं अशी मामाची इच्छा आहे. याचा अर्थ कुणीही काय लावेल? अंगण सारवलं. शेजारच्या विठाबाईकडनं कपबशा आणल्या. शालनला आक्काची हिरवी साडी नेसवली. खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटलं. मी फेटा बांधून फाट्यावर गेलो.

दोघं आले, जाजमावर बसले, पोहे आले. मग पोरगी येऊन पाटावर बसली आणि तुझ्या दोस्तांची वाचाच बसली. गुंडूआण्णांनी यंदा पाऊस किती झाला ते विचारलं. गणपतराव कोर्टातला माणूस, त्यांनी शेवटी धीर करून नाव विचारलं, इयत्ता विचारली आणि एखादा साक्षीदार सोडावा तसं जा म्हणाले. मधल्या मधे दोघंही आळीपाळीनं घरामागं परड्यात लघवीला जाऊन आले. आक्का दाराआडनं खुणा करत होती, म्हणून मी विचारलं की मुलगा काय करतो. गणपतराव म्हणाले, मला मुलगा न्हाय. गुंडूआण्णांकडं वळलो, तर त्यांना दोन हायत आणि दोघांचीबी लग्नं झाल्यात. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

शेत दाखवतो म्हणून त्यांना खळ्यावर नेलं.  तिथं भाताच्या पिंजरावर बसलो आणि त्यांना वाटेला लावायचं म्हणून तोंड उघडणार, तोवर गुंडूआण्णांनी सदरा वर केला आणि धोतर खाली सारून बेंबीखालचा व्रण दाखवला. मला लाजायला त्यांनी सवडच दिली नाही.

मग गणपतरावांनी सगळं सांगितलं. नळी कशी असते, पिशवीत रक्त दिसतं त्याला भ्यायचं नाही, नळी काढल्यावर काही महिने गळतं. त्याला जुन्या धोतराची मऊ घडी ठेवून वर लंगोट कसायचा. ते मला लंगोट कसा बांधायचा ते दाखवायला लागले, सयाजी, मला. मी हसलो. दवाखान्यातनं आल्यापासनं पहिल्यांदा हसलो असेन. म्हटलं, कारकून माणसाचा कासोटा ढिला आहे, आणि त्यांना धोतरावरनंच नीट बांधून दाखवला. अंगातनं मधेच वाफा निघतात म्हणे, बायकांना त्या वयात निघतात तशा.

शेवटी मी जे विचारलं ते तुला लिहीत नाही, तू माझा मेहुणा आहेस. त्यांनी गोड करून सांगितलं नाही. ते संपतं म्हणाले. गुंडूआण्णा म्हणाले की पहिलं सालभर मी बायकोकडं बघितलं न्हाय, मागाच्या खोलीत निजायचो, ते साल फुकट गेलं, तुम्ही तसं करू नका. बोलता बोलता त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि रडले. आखाड्यात हरलेल्याला उठवून पाठ थोपटायची आपली रीत. तिथं मला तीच आठवली, फक्त पडलेला मी होतो.

भात घरात आलं की संक्रांतीनंतर मिरजेला येतो. पोटातली गाठ काढली, एवढंच आक्काला सांगायचं. खालचं तिला कळता कामा नये, ही अट. शालन माझ्याशी बोलत नाही आणि उरलेले पोहे आम्ही रात्रीही खाल्ले. सर्वांना आशीर्वाद. आठवण ठेवतोस, तशीच ठेव.

आकाराम


॥ श्री ॥

मुक्काम मिरज
ता. १९ जानेवारी १९७९

ती. आक्कास सयाजीचा सा. न. वि. वि.

ऑपरेशन बुधवारी झालं. पोटातली गाठ पुरी निघाली, काळजीचं कारण नाही. दाजी शुद्धीवर आल्याबरोबर दवाखान्यातल्या चहाला नाव ठेवून मोकळे झाले. मी आणि गणपतराव आळीपाळीनं बसतो. पहिल्या दिवशी पिशवीतलं रक्त बघून दाजींनी जेवण परत पाठवलं होतं, तर गणपतरावांनी आपलं त्या दिवशीचं रक्त याहून लाल होतं अशी बढाई मारली. मग दोघांचं त्यावरनं भांडण लागलं आणि दाजींना भूक लागली.

तू धावत येऊ नको, शालन एकटी पडेल. टाके काढले की मीच पोचवायला येतो. तुझा लोभ आम्हा दोघांवर राहू दे.

तुझा,
सयाजी


॥ श्री ॥

गगनबावडा
ता. ११ मार्च १९७९

चि. सयाजीस आक्काचे अनेक आशीर्वाद.

शालनला विहिरीवर पाठवून मीच लिहिते आहे. चौथीनंतर लिहायची सवय गेली, अक्षराला हसू नको.

तुम्ही सगळे मला गाठ म्हणून सांगत होता. त्या दिवशी ते पाव्हणे खळ्यावर गेले तेव्हा मी त्यांच्या मागनंच गेलते. पोरगी बघायला आलेली माणसं मुलगा नाही म्हणतात, मग ही माणसं आली कशाला, हे मला बघायचं होतं. गंजीच्या पलीकडं उभी राहून सगळं ऐकलं. घरी येऊन चूल पेटवली. ह्यांनी सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं, पण मला कळता कामा नये असं ह्यांनी पाव्हण्यांना बजावलेलं मी ऐकलं होतं, म्हणून ती अट मीही पाळली.

तू पोचवून गेल्यावर हे बाहेर सोप्यात निजायला लागले. जेवण तिथंच मागायचे. माझी चाहूल लागली की तोंड फिरवायचे. आपले कपडे कुणी उठायच्या आत परड्यात जाऊन स्वतः धुवायचे. ज्या माणसानं जन्मात तांब्या विसळला नाही, तो वाकून धुणं घासतोय, हे मी दाराच्या फटीतनं बघत होते. गुंडूआण्णांनी एवढं बजावून सांगितलेलं, तरी ह्यांनी तेच केलं. मला फार राग आला आणि फार रडू आलं.

गणपतरावांनी शालनसाठी खरंच एक स्थळ सुचवलं आहे म्हणे. त्यांना माझा नमस्कार सांग आणि ह्या खेपेला कार्ड टाकू नका म्हणावं.

काल मी परड्यात गेले आणि ह्यांच्या हातनं धुणं ओढून घेतलं. हे चिडले, मग बसूनच राहिले. मी म्हटलं, मला सगळं ठाऊक आहे, आधीपासनं ठाऊक आहे. तेव्हा ह्यांनी खाली बघून विचारलं की तुला आता माझी लाज वाटते काय.

मी ह्यांना सांगितलं ते तुलाही लिहिते, कारण आजवर कुणाला सांगितलं नाही. माझा पहिला मुलगा बाळू तापानं गेला, त्या पावसाळ्यात घाट बंद होता आणि वैद्यसुद्धा मिळाला नाही. मी भिंतीकडं तोंड करून पडले होते. बाया येऊन दुसरं होईल म्हणून सांगून जायच्या. तेव्हा ह्यांनी दाराला आतनं कडी घातली, चुलीपुढं बसून भात केला आणि कालवून मला घास भरवला. पैलवान माणूस, बाहेर कळलं असतं तर तालमीत हसले असते. मी म्हटलं, माझा नवरा कोण ते मला त्या दिवशी कळलं. डॉक्टरनं काढलं त्यात ते नव्हतं. तुम्ही सोप्यात निजता त्याची मात्र मला लाज वाटते.

ह्यांनी ओल्या हातानं तोंड पुसलं. मग म्हणाले की त्या दिवशी भात करपला होता. मी म्हटलं, करपला होता, मी सगळा खाल्ला.

तुझ्यावर माया आहेच, ती लिहून काय मागायची.

तुझी,
आक्का